दाराबाहेरचे कोयते

रविवारी आमच्या घरी प्रार्थनेला येणारा माणूस दारात आधी कोयता काढतो, मग चपला. सूर्यमाळच्या खालच्या अंगाला आमचे पाडे आहेत, तिथे कमरेला कोयता नसलेला बाप्या म्हणजे अर्धा उघडाच. कमरेमागे लाकडाची आकडी बांधलेली असते, तिच्यात कोयता अडकवायचा आणि दिवसभर मोकळ्या हातांनी फिरायचं. लाकडाला, बांबूला, कोंबडीला, सापाला, सगळ्याला तोच. तो काढून बाहेर ओट्यावर ठेवायचा नियम माझ्या बायकोने केला आणि खरं सांगायचं तर तो मंडळीसाठी नव्हता, माझ्यासाठी होता. एकदा प्रार्थना चालू असताना, सगळ्यांचे डोळे मिटलेले असताना, शेजाऱ्याने माझ्या शेळीला दगड मारल्याचं मला ऐकू आलं आणि आमेन व्हायच्या आत मी कोयता उपसून अंगणात पोचलो होतो. शेळीला काही झालं नव्हतं. शेजारी मात्र दुपारपर्यंत करवंदीच्या जाळीत बसून होता.

मी विश्वासात आलो, म्हणजे येशूला मानायला लागलो, तेव्हा दारू सुटली, तंबाखू सुटला, शिव्या बऱ्याचशा सुटल्या. राग नाही सुटला. आमचे पाळक जव्हारहून मोटारसायकलवर येतात. ते म्हणायचे, हळूहळू जाईल, देवाला घाई नाही. बायको म्हणायची, देवाला नसेल, मला आहे. ती पोशेऱ्याची, आणि तिच्या माहेरी माणसं एकदाच बोलतात आणि तेवढंच बोलतात.

माझा तो कोयता दादाने दिलेला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. बाप लवकर गेला, तेव्हा मला त्यानेच वाढवलं. पातं लोहाराकडून आणलं आणि तिवसाच्या लाकडाची मूठ स्वतः तासली, माझा पंजा हातात धरून, मापाने. मला न्हाऊ घालायचं काम वहिनीचं. ती लग्न होऊन आली तेव्हा मी शेंबूड शर्टाच्या बाहीला पुसत फिरायचो. तिने मला पहिल्याच आठवड्यात खरबरीत दगडाने असं घासलं की मी ओरडत आईकडे पळालो. आई म्हणाली, बरं झालं, खाली तुझा रंग होता हे तरी कळलं. त्या घरातलं माझं बालपण असं, मार आणि माया एकाच हाताचे.

पुढे दादा पाड्याचा कारभारी झाला. गावदेवाच्या पूजेला घरोघरी फिरून कोंबडी, तांदूळ आणि दारू गोळा करायचं काम त्याचं. आम्ही विश्वासात आल्यावर मी त्याला सांगितलं की पूजेचं देणार नाही, पण पाड्याच्या कोणत्याही कामाला पहिला येईन. त्याची अडचण मला कळत होती. सख्खा भाऊच देत नाही म्हटल्यावर बाकीच्यांकडे तो कोणत्या तोंडाने मागणार? शिवाय त्याला भीती होती, आणि ती खोटी नव्हती. देव कोपला तर गुरं मरतात हे त्याने लहानपणापासून ऐकलं होतं, मीही ऐकलं होतं. तो मला म्हणाला, "तुना जो देव करायचा तो कर. पण आमच्या देवाला उपाशी ठेवू नको." मी नाही म्हणालो. पाड्याची बैठक बसली आणि ठरलं की आमच्याशी कोणी बोलायचं नाही आणि आम्ही विहिरीवर यायचं नाही.

आमच्या उन्हाळ्यात विहीर म्हणजे कोरडा खड्डा. टँकर येतो, पाइप आत सोडतो, आणि पाणी तळाला लागायच्या आत काठावरून सगळ्या बाया दोर सोडतात. तिथे एरवीसुद्धा केस ओढले जातात. माझी बायको बंदीनंतर एकदा गेली. तिचा दोर कापला, हंड्यावर लाथ बसली, आणि तिला काठावरून ढकलताना कोणाच्या तरी बांगड्या फुटून तिच्या मानेत रुतल्या. ती घरी आली, मान पुसली आणि दरीतल्या झिऱ्याकडे निघाली. झिरा म्हणजे खडकात खणलेली खळगी. वाटीवाटीने पाणी भरायचं आणि चढ चढून यायचं. मी ओट्यावर कोयता घासत बसलो होतो. जाता जाता तिने तो माझ्या हातातून काढून घेतला आणि वळचणीला खोचला.

पुढच्या रविवारी पाड्यातली माणसं आली. आमचं गाणं चालू होतं. ओट्यावर कोयते ओळीने ठेवलेले होते, पाती भिंतीकडे, मुठी बाहेर, बायकोच्या शिस्तीप्रमाणे. मारायला आलेल्यांना तेवढंच सोपं झालं. त्यांनी हातातल्या काठ्या टाकल्या आणि आमचेच कोयते उचलले.

आधी कुडाची भिंत फुटली. मग ढोलकी. एका म्हाताऱ्याचे ओठ फाटले, एका बाईला केसांना धरून उंबऱ्याबाहेर ओढलं. मी उठलो आणि माझा हात कमरेमागे गेला तो रिकाम्या आकडीवर. जन्मात मला इतकं रिकामं कधी वाटलं नव्हतं. समोर दादा उभा होता आणि त्याच्या हातात माझा कोयता होता. "बोलव आता तुझ्या येशूला," तो म्हणाला आणि त्याने मारलं. मी हात आडवा घातला. वाळका बांबू मोडतो तसा आवाज झाला आणि हाताचा पंजा भलत्याच दिशेला बघायला लागला. त्याने धारेने मारलं नव्हतं, पात्याच्या पाठीने मारलं होतं. त्याची ती दया मी पुढे पुष्कळ दिवस चघळली. तेव्हा मात्र मी खाली पडलो आणि त्याच्या पोटरीचा चावा घेतला, तोंडात रक्त येईपर्यंत. वर प्रभूने ते पाहिलं असणारच, आणि मी त्याबद्दल त्याच्याशी अजून काही बोललेलो नाही. जाताना दादाने माझा कोयता स्वतःच्या आकडीत अडकवला.

जव्हारच्या दवाखान्यात हाताला प्लॅस्टर घातलं. पोलीस आले तेव्हा मी प्रत्येकाचं नाव चवीने सांगितलं, बापाच्या नावासकट. ते गेल्यावर बायको खाटेशी बसली. मला वाटलं आता देवाचं काहीतरी सांगेल. ती म्हणाली, "दादाला आत टाकल्याने हात लवकर जुळणार असेल तर टाका." थोड्या वेळाने म्हणाली, "माफ करायचं नसेल तर नका करू. पण मग रविवारी ती गाणी म्हणायची नाहीत. मला घरात खोटं चालणार नाही."

मी दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडलो. मग पोलिसांना सांगितलं की मला तक्रार चालवायची नाही. हात माझा मोडला होता, माफी द्यायचा हक्कही माझाच होता. बाकीच्यांनीही आपापल्या मनाने तसंच केलं. ते चूक होतं असं मला तेव्हा वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

लोकांना वाटतं माफ केलं की झालं, अंगावरचं ओझं उतरलं. माझं तसं काही झालं नाही. मला रोज सकाळी उठून तोंड धुवायच्या आधी दादाला नव्याने माफ करावं लागायचं, कारण रात्रीतून मी ते परत घेतलेलं असायचं. आणि तो शहाणा रोज माझ्या अंगणासमोरून जायचा, कमरेला माझा कोयता लावून, पाठ मुद्दाम माझ्याकडे करून. माझे हात शिवशिवायचे, प्लॅस्टरमधलासुद्धा. बायको आतून नुसती खोकायची.

पाड्याला याची गंमत वाटायला लागली. पहिल्यांदा लोक घाबरले होते की पोलीस येतील. पोलीस आले नाहीत. मग पोरं आमच्या कौलांवर दगड टाकायला लागली, आमच्या शेणखताच्या ढिगात कोणी मेलेलं कुत्रं पुरलं. मी काही केलं नाही, म्हणजे करू दिलं गेलं नाही. जत्रेत माकडाला डिवचतात तसं चाललं होतं. "यांना मारा, हे माफ करतात," असं एक जण विहिरीवर म्हणाला आणि ते सगळ्या पाड्याच्या तोंडी झालं. माझी माफी म्हणजे मारायचा परवाना, असा हिशेब आमच्या लोकांनी मनात पक्का करून टाकला.

पुढे झिराही आटला, आणि त्या उन्हाळ्यात आम्ही पोराबाळांसकट तगलो ते वहिनीमुळे. तिन्हीसांजेला, विहिरीवरची गर्दी पांगली की, ती पदराखाली कळशी झाकून आमच्या घरामागच्या करवंदीपाशी यायची आणि कळशी ठेवून जायची. नवऱ्याने घातलेली बंदी ती मोडत होती. कळलं असतं तर दादाने तिला गुरासारखं झोडपलं असतं. मी तिला म्हणालो, "वहिनी, तुझ्यासाठी प्रार्थना करतो." ती म्हणाली, "तुझा येशू तुझ्याकडं ठेव. पोरांना पाणी पाज. आणि गाणी जरा सुरात म्हणा, माझी कोंबडी अंड्यांवरून उठते." ती विश्वासात आलेली नव्हती आणि यायचीही नव्हती. तहान लागलेल्याला पाणी द्यावं हे तिला कोणी शिकवायला लागलं नव्हतं.

पाऊस तोंडावर आला असताना पाड्यातला एक तरणा मुलगा तापाने गेला. ठाण्याला बांधकामावरून नुकताच परत आला होता. आधी भगताकडे नेलं, मग जीप शोधली, आणि जव्हारच्या वाटेवरच तो संपला. त्याच्या आईने अंगणातल्या मांडवाच्या मेढीवर कपाळ आपटून फोडून घेतलं. त्याच आठवड्यात आणखी एका घरातलं तान्हं मूल तापलं. पलीकडच्या दरीतल्या भगताला बोलावलं. त्याने सुपात तांदळाचे दाणे टाकले, बराच वेळ बघितले आणि विचारलं, "तिन्हीसांजेला पदराखाली काही झाकून एकटी फिरते, अशी बाई कोण आहे?"

असल्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नसतं असं कधी होत नाही. एकीने वहिनीला पाहिलं होतं. मग दुसरीने पाहिलं होतं. मग सगळ्यांनीच पाहिलं होतं. वहिनीला तिथे नुसतं सांगता आलं असतं की पदराखाली पाणी होतं. पण मग कोणासाठी, हेही सांगावं लागलं असतं, आणि दादा समोर बसलेला. ती गप्प राहिली. भगताने दाणे गोळा केले आणि म्हणाला की माणसं खाणारी भुताळी घरातच आहे, कारभाऱ्याच्या.

मी शेतात राबाच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या, वाफ्यात होतो. बायको घरी मुसळाने नाचणी कांडत होती. आरडाओरडा ऐकून मी धावत घरी पोचलो, तोच वहिनी करवंदीच्या वाटेने आली. रोजची पाण्याची वाट तिच्या पायांना माहीत होती. डोक्यावर पदर नव्हता, एक कान अर्धा फाटून लोंबत होता, आणि तोंडातून शब्द येत नव्हता, नुसती शीळ येत होती. बायकोने तिला बगलेत धरून आत ओढलं. मी बायकोच्या हातातलं मुसळ घेतलं, बाहेर आलो, दार माझ्यामागे ओढलं आणि पाठ टेकून उभा राहिलो. आमच्यातला एक विश्वासी शेजारी तोवर वरच्या टेकाडाकडे पळाला होता, कारण फोनला तिथेच रेंज येते.

लोक अंगणात भरले. पुढे दादा होता. त्याला पुढे ढकललं होतं असं म्हणणं जास्त खरं. "पहिला फटका तुझा," मागून आवाज येत होते. "बाई तुझी, पहिला फटका तुझा." नवऱ्याने आधी मारलं नाही तर तोही तिच्यातलाच, असा त्याचा अर्थ. त्याचं तोंड राखेसारखं झालं होतं आणि हातात माझा कोयता होता. या वेळी धार पुढे होती.

मी ओरडलो, "पाणी होतं! पदराखाली पाणी होतं, आमच्यासाठी आणायची ती! झिरा आटला होता, माझी पोरं तिच्या पाण्यावर जगली!" मला वाटलं होतं खरं सांगितलं की सगळे थांबतील. क्षणभर थांबलेही. ज्याचा मुलगा गेला होता तो बाप माझ्याकडे बघत राहिला आणि त्याच्या हातातली काठी खाली आली. मग मागून कोणीतरी म्हणालं, "म्हणजे यांनीच तिला शिकवलं," आणि पुन्हा सगळं पेटलं.

दादा म्हणाला, "बाजूला हो." मी म्हणालो, "दादा, ती तुझी बायको आहे." तो म्हणाला, "मनापण मारतील रे." हे तो इतकं हळू म्हणाला की फक्त मलाच ऐकू गेलं. मग त्याने कोयता उचलला.

त्या वेळी माझ्या हातात मुसळ होतं आणि त्याचं डोकं माझ्या मुसळाच्या टप्प्यात होतं. एक घाव पुरला असता. मी प्रार्थना वगैरे काही केली नाही. मला एवढंच दिसलं की मी त्याला मारायला दारातून पाऊल पुढे टाकलं तर दार मोकळं होतं. म्हणून मी मुसळ चौकटीत आडवं धरलं, दोन्ही हातांनी, त्यातला एक नीट न जुळलेला, आणि हललो नाही. पहिला घाव मुसळावर बसला. दुसरा माझ्या खांद्यात. मग काठ्या सुरू झाल्या. गुडघा, बरगड्या, कान. एक दात गिळल्याचं मला आठवतं. मागे दाराच्या फळ्यांतून दोन बायकांचा श्वास माझ्या पाठीला लागत होता. कोणीतरी हसत म्हणालं, "मारा, मारा, हा माफ करतो." मी उत्तर द्यायला तोंड उघडलं तर त्यातून रक्तच आलं.

पोलिसांची गाडी आली तेव्हा मी उभा होतो असं बायको सांगते. मला वाटतं मी चौकटीत अडकलो होतो.

अंगणात पोलिसांनी लोकांना बसवलं. मला ओट्यावर टेकवून विचारलं, कोणी मारलं. दादा बसल्या जागेवरून माझ्याकडे बघत होता, आणि त्याच्या तोंडावर मला सुटका दिसली. तो घाबरलेला नव्हता. बाकीचेही नव्हते. एक जण तर पोलिसांना म्हणालाच, "साहेब, हा नाव नाय सांगायचा. हा येशूवाला हाय." त्यांचा माझ्यावर केवढा विश्वास होता! माझ्या मंडळीचासुद्धा तेवढा नसेल.

मी दादाचं नाव सांगितलं. सगळ्यांत आधी त्याचं. मग भगताचं, मग बाकीच्यांचं. आणि सांगितलं की हा कोयता माझा आहे, मूठ याने केली आहे, आणि याने तो आपल्या बायकोला मारायला उचलला होता. या वेळी चव वगैरे नव्हती. एकेक नाव फाटक्या ओठातून काढताना रडू येत होतं आणि मी ते लपवलं नाही. दादाला गाडीत बसवलं तेव्हा तो मागे वळून बघत राहिला, मी चुकून दुसऱ्याच कोणाचं नाव सांगितलं असावं अशा तोंडाने.

आई दादाकडे राहायची. ती काठी टेकत आमच्या अंगणात आली, मूठभर माती उचलून माझ्या पट्ट्या बांधलेल्या तोंडावर फेकली आणि म्हणाली, "त्यानं तुना वाढवला. तुझ्या घासात माती पडो." मी मातीसकट बसून राहिलो. वहिनी आतून आली, एक कान बांधलेली, आणि सासूला तिने भाकर विचारली. आई थुंकून निघून गेली.

पाळकांकडेही लोक बोलले होते. ते आले, माझ्याजवळ बसले आणि संकोचत म्हणाले, "भाऊ, लोक विचारतात, क्षमा कुठे गेली?" माझं पित्त खवळलं. मी म्हणालो, "पाळक, माझा हात मोडला त्याची माफी मी दिली. खांद्याची, दाताची, बरगड्यांचीही देतो, आत्ता तुमच्यासमोर देतो. पण वहिनीच्या जिवाची माफी मी कुठून देऊ? तो जीव माझा आहे का? मी गप्प बसलो तर ती घरी जाईल, आणि पुढच्या तापाला ते तिला दगडांनी ठेचतील, आणि तेव्हाही म्हणतील की हा माफ करतो." पाळकांनी माझ्या तोंडावरची सुटलेली पट्टी नीट केली. मग म्हणाले, "मग त्याच्या शेताचं काय?" माझ्या मनात ते आलंच नव्हतं. प्रभू माणसाला सुखाने रागावूही देत नाही.

तोवर पाऊस लागून दादाच्या राबात रोपं तयार झाली होती आणि लावायला कोणी नव्हतं. आवणी, म्हणजे रोपं उपटून चिखलात लावायचं काम, एकट्याचं नसतं. एकमेकांच्या शेतात पाळीने जायचं असतं. भुताळीच्या खाचरात कोण पाय ठेवणार? रोपं पिवळी पडायला लागली होती. ती वाया गेली असती तर दादाच्या घरात, म्हणजे आईच्या ताटात, वर्षभर भात नव्हता. मी, बायको आणि वहिनी उतरलो. मला धड वाकता येत नव्हतं, मी गुडघ्यांवर रांगत लावायचो. वहिनी बघून म्हणाली, "लहानपणी असाच चिखलात रांगायचास, तेव्हा निदान घासला की गोरा व्हायचास." पहिल्या दिवशी बांधावरून दगड आले. एक बायकोच्या पाठीत बसला. ती वळली, दगड उचलून बांधाच्या फुटलेल्या जागी बसवला आणि पुन्हा वाकली. नंतरच्या दिवशी मंडळीतले काही जण आले. बांधावर त्यांनी कोयते काढून ठेवले, सवयीने.

खाचर संपत आलं होतं तेव्हा दादा जामिनावर सुटून आला. तो तडक शेतात आला, चपलांसकट चिखलात. लावलेल्या रोपांकडे त्याने पाहिलं. मग माझ्याकडे आला.

"साक्ष फिरव," तो म्हणाला.

"नाही."

"मग ही आवणी कशाला केली?"

"भात पाहिजे म्हणून. आवणी पुढच्या वर्षीपण करीन. साक्ष नाही फिरवणार."

"तुमच्यात गाल पुढं करतात ना? कर."

मी केला. त्याने थप्पड मारली, सगळ्या ताकदीची. तुटल्या दाताची जागा पुन्हा उघडली. मी दुसरा केला. त्यावरही मारली. मला सांगायला लाज वाटत नाही की त्या क्षणी मला त्याला चिखलात बुडवून, बुडबुडे थांबेपर्यंत धरून ठेवावंसं वाटलं. पण ते दोन्ही गाल माझे होते. द्यायचे की नाही ते मी ठरवायचं होतं.

मग तो वहिनीकडे वळला. ती हातात रोपांची जुडी धरून उभी होती. "तुझ्यापायी," तो म्हणाला आणि हात उचलला, आणि मी त्याचं मनगट वरच्या वर पकडलं. ज्या हाताने पकडलं तो त्यानेच मोडलेला, वाकडा जुळलेला. तो हिसडत होता, मी सोडत नव्हतो. हात दुखत होता, दोघांचाही दुखत असणार. मी म्हणालो, "दादा, माझे गाल तुला दिले. तिचा द्यायला माझ्याकडे नाही." तो हिसडायचा थांबला. तरी मी लगेच सोडलं नाही, कारण माझा अजून विश्वास बसत नव्हता. सोडल्यावर तो मागे सरकून बांधावर बसला, आमच्या कोयत्यांच्या शेजारी. माझी बायको त्या कोयत्यांकडे बघत ताठ उभी राहिली. त्याने एकालाही हात लावला नाही.

वहिनी पुन्हा वाकली. तिने जुडी सोडली, चार रोपं लावली, आणि वर न बघता म्हणाली, "भुताळीच्या हातचं भात हाय हे. दिवाळीत नवा भात करीन. खाशील?"

दादाने चिखलाने भरलेल्या चपला काढल्या आणि बांधावर ठेवल्या. साक्षीची तारीख अजून यायची आहे, आणि मी जाणार आहे. खाचराचा वरचा कोपरा राहिला होता, तो आम्ही अंधार पडायच्या आत लावून घेतला.